विल्यम रॉस्को : आपल्याच शहराच्या विरोधात उभा राहिलेला माणूस

गुलामांच्या व्यापारावर वैभव उभारणाऱ्या लिव्हरपूलचे प्रतिनिधित्व करताना त्याच व्यापाराच्या विरोधात मत देण्याचे धैर्य विल्यम रॉस्कोने दाखवले. त्याची किंमत त्याला भर रस्त्यात मोजावी लागली. त्याचे नाव आज त्याच्या विरोधकांच्या नावांशेजारीच रस्त्यांच्या पाट्यांवर नांदते आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मर्सी नदी आयरिश समुद्राला मिळते त्या मुखाशी लिव्हरपूल वसले आहे. या शहराच्या मध्यभागातील रस्त्यांच्या पाट्या वाचत गेले, की अठराव्या शतकातील तिथल्या जहाजमालकांची आणि धनिकांची यादीच हाती लागते. बोल्ड स्ट्रीट, सील स्ट्रीट, पार स्ट्रीट, टार्लटन स्ट्रीट, कनलिफ स्ट्रीट, अर्ल स्ट्रीट... ही सारी नावे ज्या घराण्यांची आहेत, त्यांची संपत्ती कमी-अधिक प्रमाणात आफ्रिकी माणसांच्या खरेदी-विक्रीतून आलेली होती. शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे चढत जाणाऱ्या रस्त्याचे नाव माउंट प्लेझंट. या चढावरून दक्षिणेला दोन रस्ते जवळजवळ समांतर निघतात. एक रॉडनी स्ट्रीट. ज्या आरमारी सेनानीचे हे नाव, त्याने गुलामांच्या व्यापाराची ब्रिटिश पार्लमेंटपुढे पाठराखण केली होती. दुसरा रॉस्को स्ट्रीट. तो ज्याच्या नावाचा, त्या विल्यम रॉस्कोने त्याच पार्लमेंटमध्ये या व्यापाराच्या विरोधात मत दिले. दोन रस्त्यांमधले अंतर काही पावलांचे आहे. दोन नावांमधले अंतर मात्र एका शहराच्या सद्सद्विवेकाचा इतिहास सांगणारे आहे.

रॉस्कोचा जन्म ८ मार्च १७५३ रोजी याच माउंट प्लेझंटवर झाला. त्या वेळी हा भाग शहराबाहेर होता. टेकडीवर शेते होती आणि खाली बंदरातील शिडे दिसत असत. त्याचे वडील तिथे एक मद्यालय चालवीत. त्याच्या आवारात चेंडू घरंगळवण्याच्या खेळाचे हिरवे मैदान होते आणि मागे भाजीपाल्याचा मळा. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी म्हणावी एवढीच. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या मळ्यात राबू लागला. बटाट्याचे ओझे डोक्यावर घेऊन तो बाजारात विकायला नेत असे. झाडांची ओढ त्याला याच मळ्यात लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. काही काळ एका पुस्तकविक्रेत्याकडे काढल्यावर सोळाव्या वर्षी तो एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीला लागला. दिवसा दस्तऐवजांच्या नकला आणि पहाटे-रात्री मित्रांच्या संगतीत लॅटिन, फ्रेंच व इटालियनचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. १७७४ मध्ये तो स्वतंत्रपणे वकिली करू लागला.

रॉस्को लहानाचा मोठा होत होता, त्याच काळात त्याचे शहरही झपाट्याने वाढत होते. १६९९ मध्ये निघालेल्या ‘लिव्हरपूल मर्चंट’ नावाच्या जहाजाने २२० आफ्रिकी माणसांना बार्बाडोस बेटावर नेऊन विकले, ही या बंदराच्या अशा सफरींची पहिली ठळक नोंद मानली जाते. १७१५ मध्ये तिथे बंदिस्त गोदी बांधली गेली आणि भरती-ओहोटीची फिकीर न करता जहाजे लागू लागली. व्यापाराची रीत ठरून गेलेली होती. कापड, लोखंडी सामान, बंदुका आणि मद्य घेऊन जहाज पश्चिम आफ्रिकेला जाई. तिथे या मालाच्या बदल्यात माणसे घेतली जात. ती कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत विकली जात. आणि परतीच्या वाटेवर साखर, रम, तंबाखू, कापूस भरून जहाज मर्सीच्या मुखाशी येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या गुलाम व्यापारातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा एकट्या लिव्हरपूलकडे होता. या बंदरातील जहाजांनी पाच हजारांहून अधिक सफरी केल्या आणि सुमारे १५ लाख माणसे समुद्रापार नेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

हा पैसा केवळ दोन-चार धनाढ्यांच्या तिजोरीत जात नव्हता. दोर वळणारे, शिडे शिवणारे, सुतार, लोहार, पाव भाजणारे अशा असंख्य लोकांची चूल त्यावर पेटत असे. किरकोळ दुकानदारही एखाद्या सफरीत छोटासा हिस्सा घेत. आज दुकाने आणि उपाहारगृहांनी गजबजलेला बोल्ड स्ट्रीट हा मूळचा जहाजांचे दोर वळण्याचा लांबलचक पट्टा. १७५४ मध्ये बांधून झालेल्या टाउन हॉलच्या भिंतीवरील शिल्पपट्टीत आफ्रिकी चेहरे आणि हत्ती कोरलेले आहेत. आपल्या वैभवाचा स्रोत शहराला मुळीच लपवायचा नव्हता. अशा गावात या व्यापाराला विरोध करणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखे होते.

रॉस्कोने तो हात प्रथम कवितेतून घातला. १७७७ मध्ये त्याचे ‘माउंट प्लेझंट’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. जन्मस्थानाच्या टेकडीवरून दिसणाऱ्या शहराचे वर्णन करता करता कवी बंदराकडे वळतो आणि या व्यापाराचा निषेध करतो. त्या वेळी रॉस्को अवघा २४ वर्षांचा होता आणि लंडनमधील गुलाम व्यापारविरोधी समिती स्थापन व्हायला अजून दहा वर्षे होती. १७८७ मध्ये ती समिती स्थापन झाली, तेव्हा त्याने ‘आफ्रिकेवरील अन्याय’ या विषयावर दुसरे काव्य लिहिले आणि त्याचे उत्पन्न समितीला दिले. त्याच वर्षी समितीच्या वतीने पुरावे गोळा करीत हिंडणारा टॉमस क्लार्कसन लिव्हरपूलला आला होता. बंदराच्या धक्क्यावर त्याला घेरून पाण्यात ढकलण्याचा प्रयत्न झाला आणि तो कसाबसा निसटला. यावरून गावातील वातावरणाची कल्पना यावी.

पुढच्याच वर्षी रेमंड हॅरिस नावाच्या धर्मोपदेशकाने बायबलच्या आधारे गुलाम व्यापार धर्मसंमत ठरवणारी पुस्तिका लिहिली. लिव्हरपूलच्या नगर महामंडळाने खूश होऊन त्याला शंभर पौंडांचे इनाम दिले. रॉस्कोने बायबलचाच आधार घेऊन त्या पुस्तिकेचे खंडन केले. तो आणि त्याचे मोजके मित्र काळजीपूर्वक पावले टाकीत. त्यात अंध कवी एडवर्ड रश्टन होता, डॉक्टर जेम्स करी होता. यांपैकी बरेचसे लेखन निनावी प्रसिद्ध झाले, कारण वकिलाची अशिले आणि डॉक्टरचे रुग्ण त्याच व्यापारी घराण्यांतले होते.

एव्हाना रॉस्कोची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने युरोपभर पसरू लागली होती. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्यातील लोरेंझो या कलासक्त सत्ताधीशाचे चरित्र त्याने लिहायला घेतले. तो स्वतः आयुष्यात कधी इटलीला गेला नाही. विल्यम क्लार्क हा मित्र प्रकृतीसाठी तिकडे राहिला असता त्याने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांतून जुन्या कागदपत्रांच्या नकला मिळवून दिल्या. १७९६ च्या प्रारंभी हे चरित्र वाचकांच्या हाती आले आणि गाजले. त्याची जर्मन, फ्रेंच, इटालियन भाषांतरे झाली. व्यापारी शहरालाही कलेची आणि विद्येची राजधानी होता येते, हे फ्लॉरेन्सच्या उदाहरणावरून लिव्हरपूलला सांगावे, ही त्यामागची प्रेरणा होती. ती केवळ कागदावर राहिली नाही. ‘अथेनियम’ या वाचनालयाच्या संस्थापकांत तो होता. माउंट प्लेझंटच्याच परिसरात १८०२ मध्ये वर्गणीदारांच्या पैशातून जी वनस्पती उद्यानाची संस्था उभी राहिली, तिचाही तो प्रमुख आधार होता. वकिली सोडून त्याने १७९९ मध्ये शहराबाहेर ॲलर्टन हॉल हे घर घेतले, चित्रे आणि दुर्मीळ ग्रंथ जमवले. आपल्या लहान मुलासाठी त्याने फुलपाखरांच्या मेजवानीवर एक बालकविता लिहिली. १८०६ मध्ये ती मासिकात आणि लगेच पुस्तकरूपाने आली, तेव्हा इंग्लंडच्या घराघरांत ती पोहोचली.

या चित्राला एक काळी किनार आहे आणि ती झाकून चालणार नाही. मित्राच्या आग्रहाखातर, अडचणीत आलेली एक पेढी सावरण्यासाठी रॉस्को सावकारीत शिरला. १८०२ मध्ये याच पेढीत टॉमस लेलंड भागीदार म्हणून आला. लेलंड हा लिव्हरपूलच्या सर्वांत यशस्वी गुलाम व्यापाऱ्यांपैकी एक होता आणि तीनदा शहराचा महापौर झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिणारा माणूस आणि तो व्यापार करणारा माणूस १८०६ पर्यंत एकाच पेढीचे भागीदार होते. त्या काळच्या लिव्हरपूलमध्ये या पैशाचा स्पर्श टाळून मोठा व्यवहार करणे जवळजवळ अशक्य होते, हे त्याचे स्पष्टीकरण होऊ शकते. समर्थन होईलच असे नाही. रॉस्कोला ही कोंडी ठाऊक असावी. व्यापार बंद करतानाच व्यापाऱ्यांना भरपाई द्यावी आणि त्यांच्यासाठी नवे मार्ग खुले करावेत, असा त्याचा सततचा आग्रह होता. आजच्या वाचकाला तो खटकतो. ज्यांना विकले गेले त्यांच्या भरपाईचा विचार त्यात नव्हता.

१८०६ च्या निवडणुकीत व्हिग पक्षीय मित्रांनी त्याला पार्लमेंटसाठी उभे केले. समोर होता जनरल बॅनस्टर टार्लटन. अमेरिकन युद्धात गाजलेला हा सेनानी गुलाम व्यापारातील घराण्याचा वारस होता आणि १७९० पासून लिव्हरपूलचा प्रतिनिधी या नात्याने त्या व्यापाराची वकिली करीत होता. रॉस्को निवडून आला आणि टार्लटन पडला. मतदारांनी या व्यापाराविरुद्ध कौल दिला, असा याचा अर्थ लावणे भाबडेपणाचे ठरेल. गावच्या नामांकित विद्वानाविषयीचा अभिमान आणि समर्थकांनी सैल सोडलेला हात, यांचाही त्या विजयात मोठा वाटा होता.

कसोटीचा क्षण मात्र लवकरच आला. २३ फेब्रुवारी १८०७ रोजी गुलाम व्यापार बंद करण्याचे विधेयक कॉमन्स सभागृहापुढे होते. विल्बरफोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या वीस वर्षांच्या लढ्याचा तो निर्णायक दिवस. या व्यापाराच्या सर्वांत मोठ्या बंदराचा प्रतिनिधी काय बोलतो, याला साहजिकच महत्त्व होते. आपण तीस वर्षे हा व्यापार जवळून पाहत आलो आहोत आणि त्याला आपला कायम विरोध आहे, असे रॉस्कोने सभागृहाला सांगितले. सारेच लिव्हरपूल त्याच्या बाजूने नाही, हेही त्याने नोंदवले. विधेयकाच्या बाजूने २८३ आणि विरोधात अवघी १६ मते पडली. २५ मार्च रोजी त्याला राजाची संमती मिळाली. रॉस्कोच्या मताशिवायही विधेयक मंजूर झालेच असते. पण ते मत लिव्हरपूलच्या नावाने पडले होते आणि शहर ते विसरणार नव्हते.

पार्लमेंट विसर्जित झाले आणि मे महिन्याच्या प्रारंभी रॉस्को गावी परतला. मित्रांनी घोड्यांवरून आणि बग्ग्यांतून मिरवणूक काढून त्याचे स्वागत करायचे ठरवले होते. टाउन हॉलसमोरून निघणाऱ्या कॅसल स्ट्रीटवर, शहराच्या ऐन मध्यभागी, दंडुके घेतलेल्या जमावाने ती मिरवणूक अडवली. त्यात गुलाम जहाजांवरील खलाशांचा मोठा भरणा होता. धक्काबुक्की आणि मारामारी झाली, मिरवणूक उधळली गेली. गुलाम व्यापाराच्या रागाला धार्मिक रागाचीही जोड होती. कॅथलिकांवरील निर्बंध सैल करावेत, या मताचा रॉस्को होता आणि तेही अनेकांना रुचलेले नव्हते. झाला प्रकार पाहून त्याने निवडणुकीच्या रिंगणातून अंग काढून घेतले. मित्रांनी तरीही त्याचे नाव पुढे केले, पण ती लढत नावापुरतीच होती. टार्लटन पुन्हा पार्लमेंटमध्ये गेला. कायदा लागू होण्यापूर्वी परवाना मिळवलेले ‘किटीज अमीलिया’ हे जहाज जुलै १८०७ च्या अखेरीस लिव्हरपूलहून निघाले. इंग्लंडमधून कायदेशीरपणे गुलाम आणण्यासाठी गेलेले ते शेवटचे जहाज. रॉस्कोची संसदीय कारकीर्द मात्र त्याआधीच, काही महिन्यांत संपलेली होती.

पुढची वर्षे अधिकच कठीण गेली. नेपोलियनशी चाललेले युद्ध थांबले आणि बाजारात मंदी आली. जानेवारी १८१६ मध्ये रॉस्कोच्या पेढीला देणी थांबवावी लागली. देणेकऱ्यांचे पैसे चुकते करण्यासाठी त्याने आयुष्यभर जमवलेले ग्रंथ, चित्रे आणि मुद्राचित्रे लिलावात काढली. काही मित्रांनी त्याची आवडती पुस्तके विकत घेऊन त्यालाच परत देऊ केली. ती भेट त्याने स्वीकारली नाही. ॲलर्टन हॉलही सोडावे लागले. एवढे करूनही देणी फिटेनात आणि १८२० मध्ये त्याला नादारी पत्करावी लागली. त्याच पेढीतून बाहेर पडून स्वतंत्र पेढी काढणारा लेलंड मात्र अखेरपर्यंत शहरातील धनाढ्यांत गणला गेला. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग याच काळात लिव्हरपूलला होता. त्याने आपल्या ‘स्केच बुक’मध्ये रॉस्कोवर एक स्वतंत्र लेख लिहिला आणि या पडत्या काळातील विद्वानाचे चित्र अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील वाचकांपुढे उभे केले.

पैसा गेला तरी रॉस्कोचे काम थांबले नाही. १८१७ मध्ये कॉल्क्विट स्ट्रीटवर लिव्हरपूल रॉयल इन्स्टिट्यूशन ही विद्या व कलांना वाहिलेली संस्था सुरू झाली. तिच्या उद्घाटनाचे व्याख्यान त्याचेच होते. ही संस्था ज्या वास्तूत सुरू झाली, ती टॉमस पार या गुलाम व्यापाऱ्याने स्वतःसाठी बांधलेली हवेली. पार स्ट्रीट हे नाव त्याच्याच घराण्याचे. गुलामांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या भिंतींमध्ये चित्रे आणि व्याख्याने आली, हा योगायोग बोलका आहे. लिलावात निघालेल्या चित्रांपैकी काही मित्रांनी विकत घेऊन १८१९ मध्ये या संस्थेला दिली. सिएन्नाच्या सिमोने मार्तिनीने १३४२ मध्ये रंगवलेले बाल ख्रिस्त व त्याच्या मातापित्याचे चित्र त्यातलेच. ही चित्रे पुढे शहराच्या वॉकर कलादालनात गेली. १८२६ मध्ये पक्ष्यांची चित्रे काखोटीला मारून अमेरिकेहून आलेला अनोळखी चित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन लिव्हरपूलला उतरला, तेव्हा त्याला हात देणाऱ्यांतही वृद्ध रॉस्को होता. त्याची चित्रे याच संस्थेत मांडली गेली. तुरुंगांच्या सुधारणेसाठी रॉस्कोने लिहिलेल्या पुस्तिकाही याच काळातल्या. कैद्याला एकांतकोठडीत कोंडून सुधारता येते, ही कल्पना त्याला अमानुष वाटे.

बालपणीच्या मळ्याचे ऋणही त्याने फेडले. आले, हळद, कर्दळ यांच्या कुळांतील वनस्पतींवर त्याने मोठ्या आकाराच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ सिद्ध केला. १८२० च्या दशकात तो खंडशः प्रसिद्ध झाला. या कुळांतील अनेक झाडे भारतातली. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाशी आणि तिथल्या नॅथॅनियल वॉलिच या अधीक्षकाशी लिव्हरपूलच्या उद्यानाचा संबंध होता. त्याआधीच, १८०६ मध्ये, जेम्स एडवर्ड स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिमालयात उगवणाऱ्या, आल्याच्या कुळातील एका प्रजातीला ‘रॉस्कोइया’ असे नाव दिले होते. तिच्यातील जांभळ्या फुलांची एक जात म्हणजेच आयुर्वेदातील अष्टवर्गापैकी काकोली, असे अनेक अभ्यासक मानतात. लिव्हरपूलच्या भाजीवाल्याच्या मुलाचे नाव अशा रीतीने हिमालयाच्या उतारांवरही रुजले आहे.

३० जून १८३१ रोजी टॉक्स्टेथ भागातील लॉज लेनवरच्या घरी रॉस्कोचे निधन झाले. ब्रिटिश वसाहतींमधील गुलामगिरीच बेकायदा ठरवणारा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. त्याचे दफन रेन्शॉ स्ट्रीटवरील युनिटेरियन प्रार्थनामंदिराच्या आवारात करण्यात आले. ते मंदिर पुढे पाडले गेले. त्याच्या दफनभूमीची जागा आज ‘रॉस्को गार्डन्स’ या नावाची छोटी बाग म्हणून माउंट प्लेझंटच्या उतारावर उरली आहे. जन्म आणि विसावा दोन्ही एकाच टेकडीवर.

रस्त्यांच्या नावांचा प्रश्न मात्र एकविसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. आपल्या पूर्वजांच्या सहभागाबद्दल नगर परिषदेने १९९९ मध्ये औपचारिक माफी मागितली होती. २००६ मध्ये गुलाम व्यापाऱ्यांची नावे असलेले रस्ते बदलावेत, असा प्रस्ताव पुढे आला. तेव्हा बीटल्सच्या गाण्याने जगप्रसिद्ध झालेला पेनी लेनही जेम्स पेनी या गुलाम व्यापाऱ्याच्या नावाचा असावा, अशी चर्चा झाली आणि प्रस्ताव बारगळला. पुढे २०२० मध्ये आंदोलनाच्या काळात या रस्त्याच्या पाट्यांना काळे फासले गेले. त्यानंतरच्या संशोधनात पेनी लेन आणि जेम्स पेनी यांचा संबंध दाखवणारा पुरावा आढळला नाही. दरम्यान ऑगस्ट २००७ मध्ये, व्यापारबंदीच्या कायद्याला २०० वर्षे होत असताना, अल्बर्ट डॉकच्या परिसरात आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडले. नावे पुसण्याऐवजी त्यांचा इतिहास सांगणारे फलक रस्त्यांवर लावण्याचे शहराने २०२० मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये त्याला प्रारंभ झाला. लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून लोकांना हिंडवत हा इतिहास सांगणाऱ्या एरिक स्कॉट लिंच या कृष्णवर्णीय अभ्यासकाच्या नावाने हे फलक ओळखले जातात.

रस्त्यांची नावे बहुधा जिंकणारेच देतात. टार्लटन, पार, बोल्ड, कनलिफ हे आपल्या काळात जिंकलेलेच होते. रॉस्को निवडणूक हरला, मिरवणुकीत मार खाऊन परतला, पेढी गमावून बसला. त्याचे हातही त्या व्यवहारापासून सर्वस्वी अलिप्त नव्हते. तरीही बोलण्याची वेळ आली, तेव्हा आपल्याच मतदारांच्या पोटावर येणारे सत्य त्याने सभागृहात उच्चारले. माउंट प्लेझंटच्या चढावर रॉडनी स्ट्रीटच्या शेजारी त्याच्या नावाची पाटी उभी आहे. आजूबाजूच्या इतर पाट्या वाचल्याशिवाय तिचे मोल कळत नाही.